तिच्या वाट्याच्या गोळ्या

लिफ्टच्या खड्ड्यात माणूस उतरला असेल तर गाडी खाली सोडण्याआधी वरच्यानं विचारायचं असतं, "कुठे आहेस?" आणि खालच्यानं "हो" म्हणायचं नसतं, "ठीक" म्हणायचं नसतं. हो कुणाच्याही तोंडातून आपोआप निघतं, लक्ष असो वा नसो. म्हणून आमच्या धंद्यात जुनी पद्धत आहे, खालच्यानं जागा सांगायची. "भिंतीला." हा शब्द वर पोचला की मगच वरचा गाडी सोडतो. गाडी म्हणजे लिफ्टची पेटी, आम्ही तिला गाडीच म्हणतो. त्या मंगळवारी एका सहा मजली कचेरीत मी खड्ड्याच्या मधोमध उकिडवा बसून स्प्रिंगच्या बुडाशी साचलेलं तेल पुसत होतो. माझा जोडीदार गाडीच्या टपावर होता. त्यानं विचारलं, कुठे आहेस, आणि मी म्हणालो, "भिंतीला." मी भिंतीला नव्हतो. खोटं बोलावं असं काही मनात नव्हतं. शब्द तयार होता, तो गेला. गाडी यायला लागली. तपासणीच्या वेळी ती फार हळू येते, माणूस चालतो त्याहून हळू. तिच्या पोटाखालचे नट, त्यांच्यावरची धूळ, सगळं मला दिसत होतं. उठून दोन पावलं सरकलो असतो तर काम झालं असतं. मी फडकं पिळत बसलो. मग ती थांबली, हात वर केला तर लागेल इतक्या अंतरावर. आणि मला वाईट वाटलं. थांबली म्हणून वाईट वाटलं. हे माझं मला कळायला थोडा वेळ गेला.

जोडीदाराला आम्ही पहिलवान म्हणतो, कारण तो काडीसारखा आहे. एकोणीस वर्षं आम्ही दोघं जोडीनं काम करतो आहोत. त्यानं गाडी वर घेतली, जिन्यानं खाली आला आणि खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसला.

"आवाज मधून आला," तो म्हणाला.

"कसला आवाज?"

"तुझा. तू भिंतीला असलास की आवाज भिंत घासत वर येतो. आज सरळ आला, नळातून आल्यासारखा. एकोणीस वर्षं ऐकतोय, बायकोचा ऐकला नसेल इतका." त्यानं खिशातून बिडी काढली आणि न पेटवताच परत ठेवली. "सकाळी काय घेतलंस?"

"चहा."

"चहानं डोळे असे होत असतील तर दुकान मलाही सांग."

 सकाळी मी दोन गोळ्या घेतल्या होत्या आणि वर पाव बाटली. तेवढं घेतल्याशिवाय मला बूट घालता येत नव्हते. पहिलवानाला आकडा नसेल माहीत, पण जात माहीत होती. त्याचा धाकटा भाऊ याच वाटेनं गेला होता आणि परत आला होता. त्यानं माझ्या गळ्यातली दरवाजे उघडायची किल्ली काढून घेतली, शर्टाच्या खिशात टाकली आणि म्हणाला, "हे बघ. मला अजून सहा वर्षं काढायची आहेत. तुला खड्ड्यातून वर काढायचं तर दहा वेळा काढीन. पण फावड्यानं काढायला लावू नकोस. गुरुवारी दहा वाजता धाकटा सुटला त्या व्यसनमुक्ती केंद्रात जायचं. मी फोन करतो त्यांना. आणि एकटा जाऊ नकोस, घेत नाहीत. घरचं माणूस लागतं सोबत. सहीला लागतं, आणि पहिल्या दिवशी तुझ्या शेजारी बसून सगळं ऐकायला लागतं. किती घेतोस, कधीपासून, कुठून आणतोस. तिथली ती अटच आहे. एकट्यात माणूस थापा मारतो."

"माझ्या घरी कोण आहे?"

"थोरल्या ताई आहेत की," तो म्हणाला.

थोरल्या ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. मला मूलबाळ नाही, ताईंना कुणीच नाही. नातं म्हणावं असं आम्हा दोघांचं एकमेकांशी उरलं होतं, तेही मधलं माणूस गेल्यावर. पहिलवानानं त्यांचं नाव घेतलं तेव्हा मला घाम फुटला, आणि तो दारूचा नव्हता. किती घेतो ते ताईंसमोर सांगता आलं असतं. कधीपासून तेही सांगता आलं असतं. कुठून आणत होतो ते सांगायचं झालं तर मला जगात कुठेही तोंड दाखवता आलं असतं, फक्त त्यांना नाही.

घरी आलो आणि तिच्या पलंगावर बसलो. तो पलंग मी हलवलेला नाही. डोक्याकडचे पाय उंच करायला मी लाकडाचे दोन ठोकळे कापून आणले होते, नव्या मशीनच्या खोक्यातले. त्यांच्यावर अजून बाण आहेत, ही बाजू वर ठेवा म्हणून. तिला त्याचं हसू यायचं. म्हणायची, मिस्त्री, मला उलटी ठेवू नका एवढीच विनंती. ती मला मिस्त्री म्हणायची, लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. दारू माझी तिच्याहूनही जुनी. पण घरात बसून, संध्याकाळची, आरडाओरडा नाही, हात उगारणं नाही. तिच्या मैत्रिणी विचारायच्या, तुझा नवरा पितो का गं, तर ती सांगायची, पितो, आणि मला लगेच कळतं, कारण प्यायला की तो भांडी घासायला घेतो. सगळे हसायचे, मीही हसायचो. एकदा तिनं सोडा म्हणून सांगितलं होतं, सरळ, रडणं वगैरे नाही. मी म्हणालो सोडतो. तीन महिने सोडली आणि मग एक दिवस परत भांडी घासली. तिनं ओल्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "कढई राहिली." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. तेव्हा मला वाटलं होतं सुटलो. ती विषय सोडून द्यायची म्हणजे काय करायची हे मला फार उशिरा कळलं.

आजार हाडात गेला तेव्हा डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. दिवसाला चार. ताई आयुष्यभर टपालखात्यात खिडकीवर बसलेल्या, त्यांनी पार्सलावर पत्ता लिहितात तशा ठसठशीत अक्षरात वेळापत्रक लिहून कपाटाच्या दारावर चिकटवलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना. मी कामावर असेन तेव्हा सकाळी आठ ते सहा एक बाई यायच्या. तिशीच्या असतील, पण अशा कामाच्या बाईला सगळे मावशीच म्हणतात, आम्हीही म्हणायचो. मावशी तिचे उरलेले केस विंचरायच्या आणि शेजारपाजारच्या गोष्टी सांगायच्या, अगदी आवाज काढून. ती म्हणायची, हसवू नका हो मावशी, बरगड्या आपसात भांडतात. आणि मग थोड्या वेळानं, बरं, पुढे काय झालं त्या बाईचं.

पहिली गोळी मी एका रविवारी दुपारी घेतली. मावशीला सुट्टी होती, ताई बाजारात गेल्या होत्या. त्या दिवशी तिला इतकं दुखत होतं की तिनं चादरीचं टोक चावून फाडलं. गोळी दिली आणि मी घड्याळ बघत बसलो. पंचवीस मिनिटांनी तिचं तोंड सैल झालं. आधी कपाळ, मग डोळ्यांच्या कडा, मग ओठ. मी तो चेहरा बघत होतो. लग्नाच्या आधी एकदा ती बसच्या खिडकीत झोपली होती तेव्हा असाच चेहरा होता. आणि मला वाटलं, ही आता जिथे आहे तिथे मला जायचं आहे. एवढंच वाटलं. चोरी करतो आहे असं वाटलंच नाही, ती जाते आहे त्या गाडीत आपण चढावं असं वाटलं. मी फळीवरून एक गोळी घेतली. कडू होती, जिभेच्या बुडाशी चिकटणारी. दारूनं मला कधी तसं केलं नव्हतं. दारू पिऊन मी विसरायचो, गोळीनं मला सगळं दिसत होतं आणि कशाचंच काही वाटत नव्हतं.

महिन्याभरानं ताईंनी गोळ्या मोजल्या. सात कमी. त्या स्वयंपाकघरात हलक्या आवाजात माझ्याशी बोलत होत्या, आणि घर केवढं, पलंगापर्यंत सगळं ऐकू जायचं. तिनं आतून हाक मारली. म्हणाली, "ताई, मीच घेतल्या. दुखत होतं."

ताई दारात गेल्या. "फळीवर हात पोचतो तुझा?"

 तिला उठून बसतासुद्धा येत नव्हतं.

"उगाच कुणाला पाठीशी घालू नकोस," ताई म्हणाल्या. "घरात बाहेरचं माणूस एकच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी मावशीला यापुढे येऊ नका म्हणून सांगितलं. ओरडल्या नाहीत. खिडकीवर चुकीचा फॉर्म परत करावा तसं सांगितलं. मी टॉवेल खांद्यावर टाकून तिथेच उभा होतो. मी काही म्हणालो नाही. मावशींनी एकदा ताईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं असं मला वाटतं, पण ते मला नंतर वाटलेलं असेल. चपला घालताना त्या म्हणाल्या, "बाईंना डाव्या कुशीवर फार वेळ ठेवू नका, खांद्याला लाल झालंय." आणि गेल्या. अशा कामात एकदा नाव खराब झालं की दुसरं घर मिळत नाही, हे मला माहीत होतं. मी कामावर गेलो. चौथ्या मजल्याचा दरवाजा घासत होता, तो नीट केला.

इथवर कुणी ऐकलं तर म्हणेल, माणूस घसरतो, एवढंच ना. मीही स्वतःला तेच सांगत आलो. पण त्यानंतर ताईंनी गोळ्यांच्या कपाटाला कुलूप घातलं, आमच्याकडेच राहायला आल्या, आणि रोज सकाळी चार खणांच्या डबीत चार गोळ्या माझ्या हातात द्यायच्या. चांगलं माणूसही मिळेना म्हणून मी दुपारी तासभर घरी यायला लागलो. ताई तेवढ्या वेळात भाजी आणायला, बिलं भरायला जायच्या. फळीवरून घ्यायला आता काही नव्हतं. बारा दिवस मी बाटलीवर काढले. पाय झोपेत लाथा मारायचे, नाक गळायचं, उजेड सोसायचा नाही. तेराव्या दिवशी दुपारी मी डबीतल्या दुपारच्या खणातली गोळी माझ्या तोंडात टाकली आणि तिला खडूची दिली. हाडांसाठी डॉक्टरांनी कॅल्शियमच्या, खडूसारख्या पांढऱ्या गोळ्याही दिल्या होत्या, त्या उघड्यावरच असायच्या. तेवढीच जाडी, तोच रंग. तिनं ती गिळली, पाणी प्यायली. मग म्हणाली, "मिस्त्री, आजची गोळी गोड होती."

"कंपनी बदलली," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. आणि आणखी दोन घोट पाणी प्यायली, मी पेला धरला होता म्हणून.

त्यानंतर दुपारची गोळी माझी झाली. एकेचाळीस दुपारी. मी गोळी पुढे करायचो आणि ती तोंड उघडायची. एकदाही तिनं ओठ मिटले नाहीत, एकदाही मान फिरवली नाही. गिळून झालं की भिंतीकडे बघत पडायची आणि संध्याकाळची वेळ होईपर्यंत चादरीचं टोक मुठीत धरून असायची. ताई आल्या की म्हणायच्या, दुपारचं दुखणं वाढलंय हिचं, डॉक्टरांना सांगायला हवं. तर ती म्हणायची, नको गं, आहे ते पुरे आहे. एका दुपारी मी पेला ठेवत होतो तेव्हा तिनं विचारलं, "लागू पडते का?"

"काय?"

"काही नाही," ती म्हणाली.

दीड वर्ष हे तीन शब्द मी उलटेपालटे करून बघतो आहे. रागानं विचारलं नव्हतं, ते नक्की. टोमणा म्हणावा तर तिला टोमणे मारता यायचे, चांगले मारायची, तो आवाज मला माहीत होता. तो आवाज नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, तिचं जे जातं आहे ते कुणाच्या तरी उपयोगी पडतं आहे का. असं मला काही दिवशी वाटतं. आणि काही दिवशी वाटतं की तिला फक्त मी काय उत्तर देतो ते बघायचं होतं, आणि मी म्हणालो, काय.

ती गेल्यावर तिच्या नावाची डॉक्टरांची चिठ्ठी माझ्याकडे राहिली होती. दुकानदार ओळखीचा. गोळ्या देताना विचारायचा, पेशंट कशा आहेत. मी म्हणायचो, तशाच आहेत. हे मी पाच महिने म्हणालो. एकदा तो म्हणाला, बाईंना माझा नमस्कार सांगा, फार सोसलं त्यांनी. मी सांगतो म्हणालो. बाहेर पडल्यावर मला क्षणभर खरंच वाटलं की घरी जाऊन सांगायचं आहे. पुढे त्याला कुठून तरी कळलं. मी दारात दिसलो की तो मागच्या बाजूला निघून जायचा, रागावून नाही, लाजून. त्यानंतर मी दुसरी दुकानं, दुसरी माणसं शोधली. ते सगळं सांगण्यासारखं नाही, आणि सांगायला कठीणही नाही.

बुधवारी सकाळी ताईंकडे गेलो. त्या इस्त्री करत होत्या. मी दारातच म्हणालो की मला सोडायची आहे, उद्या दहा वाजता तिथं जायचं आहे, आणि तुम्ही लागता. त्यांनी इस्त्री उभी केली. त्यांचे डोळे भरून आले, आणि तसं मी त्यांना तिच्या वेळीसुद्धा बघितलं नव्हतं.

"तिची फार इच्छा होती," त्या म्हणाल्या. "मी येणार म्हणजे काय, येणारच."

"तिथं सगळं विचारतात, ताई. तुमच्यासमोर."

"विचारू देत. किती पिता तेच ना? इतकी वर्षं मला वास येत नव्हता असं वाटलं की काय तुम्हाला?" मग त्या कपाटातून दोन जुने टॉवेल काढायला लागल्या. "तिथं कपडे एकत्र धुतात, हरवतात. आणा तुमचे सगळे, मी कोपऱ्यात निळा दोरा घालून देते."

तेव्हा सांगायला हवं होतं. आम्ही दोघंच होतो, सकाळ होती, मी सकाळी फक्त एक घेतली होती. पण त्या सुईत दोरा ओवत होत्या आणि त्यांना जमत नव्हतं, आणि मी तो ओवून दिला. माझे हात कापत होते तरी जमला. त्यांना त्याचा इतका आनंद झाला की मी पुढे काही बोलू शकलो नाही. दुपारभर त्या माझ्या बनियनांना दोरा घालत बसल्या. मी शेजारी बसून हिशेब करत होतो की त्या खोलीत काय सांगायचं आणि काय नाही. सात गोळ्या सांगता येतील. सात गोळ्यांची लाज वाटेल, मावशीचं नाव निघेल, ताई चार दिवस बोलणार नाहीत, पण मग बोलतील. खडूचं कुणाला माहीत आहे? जिला माहीत होतं ती गेली. ती कुणाला सांगणारी नव्हतीच. मी गप्प राहिलो तर ते माझ्याबरोबर संपेल. आणि मग मी दारूतून सुटेन, गोळीतून सुटेन, आणि धडधाकट, शुद्धीवर, रोज दुपारी ते माझ्या एकट्याजवळ असेल. याच विचारानं मी दीड वर्ष सुटायला भीत होतो. गोळी घेतली की ते लांब जायचं. जायचं नाही, पण काचेपलीकडे असायचं.

ती जागा म्हणजे एक साधी दुमजली इमारत. बाहेर पाटी छोटी, आत फिनेलचा वास, व्हरांड्यात सहासात माणसं ओळीनं बसून बटाटे सोलत होती. त्यातल्या एकानं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत बटाट्याकडे बघितलं. नोंदणी करणारे गृहस्थ साठीचे होते, त्यांना सर्दी झाली होती. म्हणाले, "मी इथलाच. अकरा वर्षं झाली. त्याआधी बसवर कंडक्टर होतो, त्यामुळे तिकीट फाडल्यासारखं विचारतो, मनावर घेऊ नका." ताईंना म्हणाले, "तुम्ही फक्त ऐकायचं. मी सांगेन तेव्हा बोलायचं. अवघड जातं, पण तसंच आहे इथलं."

ताई खुर्चीत सरळ बसल्या, कपड्यांची पिशवी मांडीवर.

"काय काय घेता?"

"दारू."

"ती दिसतेच आहे. आणखी?"

"गोळ्या."

ताईंनी मान वळवली. कंडक्टरांनी नाक पुसलं. "कसल्या?"

"दुखण्याच्या."

"काय दुखतं तुमचं?"

"माझं नाही. बायकोच्या होत्या."

"म्हणजे त्यांच्या राहिलेल्या."

"नाही," मी म्हणालो. "ती असताना."

सांगायला लागलो की सात गोळ्या फार पटकन संपल्या. फळी, रविवार, ताईंनी मोजलेलं, मावशी. ताई म्हणाल्या, "मावशीनं?" आणि मी म्हणालो, "मावशींनी एकही घेतली नव्हती." त्यांनी पिशवी मांडीवरून उचलून खाली ठेवली. कंडक्टर म्हणाले, "ताई, तुम्हाला नंतर बोलायला देतो." त्या म्हणाल्या, "मी काही बोलत नाहीये." खरंच बोलत नव्हत्या. मावशीला सांगताना जो चेहरा होता तोच होता, फक्त आता तो त्यांच्या स्वतःकडे वळलेला होता.

"बरं," कंडक्टर म्हणाले. "मग गोळ्यांना कुलूप लागलं. त्यानंतर कुठून मिळत होत्या?"

दुकानातून म्हटलं असतं तर ते तेच लिहून पुढे गेले असते. त्यांच्या पेनाचं टोक कागदावर टेकलेलं होतं. बाहेर कुणीतरी पातेल्यात बटाटे टाकत होतं, एकेक. मी तो आवाज ऐकत बसलो. ताई माझ्याकडे बघत नव्हत्या, टेबलाच्या कडेकडे बघत होत्या, आणि त्यांची मान अगदी तिच्यासारखी होती. हे साम्य मला इतकी वर्षं कधी दिसलं नव्हतं. ती भिंतीकडे बघत पडायची तेव्हा मला तेवढीच दिसायची, मान आणि कानामागचे थोडे केस.

"तिच्या तोंडातून," मी म्हणालो.

कंडक्टरांनी लिहिलं नाही. मग मी खडूचं सांगितलं. डबीचा दुपारचा खण, ताई बाहेर गेलेल्या असायच्या ती वेळ, एकेचाळीस दिवस. सांगताना आवाज कुठेच अडखळला नाही याचंच मला आश्चर्य वाटत होतं. सकाळपासून काही घेतलं नव्हतं, पाठीतून मुंग्या जात होत्या, शर्ट अंगाला चिकटला होता, आणि आवाज मात्र साधा, पहिलवानाला तारेची जाडी सांगावी तसा.

 मग ताईंनी विचारलं, परवानगी न घेता, "तिला कळलं होतं?"

"हो."

"तुम्हाला काय माहीत?"

"पहिल्याच दिवशी म्हणाली, आजची गोळी गोड होती."

ताईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, उठायचं असल्यासारखे, आणि उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी डॉक्टरांना सांगते म्हणत होते. दुपारचं वाढलंय म्हणून. तीच नको म्हणाली." हे त्या मला सांगत नव्हत्या. कुणालाच सांगत नव्हत्या.

कंडक्टरांनी फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "सही केलीच पाहिजे असं नाही. तुम्ही नाही केलीत तर आम्ही दुसरी काही व्यवस्था बघू." ताईंनी चष्मा लावला. फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या, खिडकीवर वाचायच्या तसा, बोटानं. मी त्या बोटाकडे बघत होतो. ते मधेच एका जागी थांबलं.

"तारीख चुकली आहे तुमची," त्या कंडक्टरांना म्हणाल्या.

त्यांनी खोडून नवी घातली. ताईंनी तिथं आपली छोटी सही केली, मग खाली मोठी. पेनाला टोपण लावलं. पिशवी उचलून माझ्या पायाशी ठेवली, वरचा टॉवेल सरळ केला. मग उभ्या राहिल्या.

"मी आता मावशीकडे जाते आहे," त्या म्हणाल्या. "पत्ता आहे माझ्याकडे, पगाराच्या पावतीवरचा."

"त्यांना सांगा की मी..."

"ते तू सांगायचंस. बरा होऊन, दारात उभं राहून. मी माझं सांगायला जाते आहे." इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अरेतुरे केलं होतं. मला ते लागलं नाही. 'तुम्ही' म्हणाल्या असत्या तर लागलं असतं.

कंडक्टर त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. सांगत होते की पहिले आठ दिवस फार वाईट जातील, डॉक्टर रोज येतात, भेटीचा दिवस रविवार, पण पहिले दोन रविवार नाही. आणि पुष्कळ घरचे नंतर येतच नाहीत, तेही आम्ही समजून घेतो. ताई दारात थांबल्या. माझ्याकडे वळून बघितलं नाही.

"तिसऱ्या रविवारी येते," त्या म्हणाल्या. "तोवर त्याला धड शुद्धीवर आणा. त्या एकेचाळीस दुपारी ती काय काय बोलली ते मला सगळं विचारायचं आहे त्याला, एकेक दिवस."